मुठीला लगाम : व्यावसायिक मुष्टियुद्धातील नियमन आणि शिस्त

दोन माणसे भररस्त्यात एकमेकांना ठोसे मारू लागली तर पोलीस येतात आणि दोघांनाही चौकीवर नेतात. तीच दोन माणसे दोऱ्यांनी बांधलेल्या चौकोनात, हातात मोजे घालून, पंचाच्या देखत एकमेकांना ठोसे मारू लागली तर लोक तिकिटे काढून पाहायला जातात. ठोसा दोन्हीकडे तोच असतो. फरक असतो तो नियमाचा. क्रिकेटमधून एखादा नियम वगळला तर खेळ थोडा बिघडेल. मुष्टियुद्धातून नियम वगळले तर उरते ती निव्वळ मारामारी. म्हणून या खेळाचा अभ्यास म्हणजे त्याच्या नियमांचा अभ्यास, असे म्हणावयास हरकत नाही.

प्रस्तुत लेखात हौशी मुष्टियुद्धाचा विचार केलेला नाही. ज्यात माणूस ठोसे देण्याघेण्याचे पैसे घेतो, ज्यावर त्याचे पोट चालते, त्या व्यावसायिक मुष्टियुद्धापुरताच हा विचार मर्यादित आहे. राज्यशास्त्राचा विद्यार्थी म्हणून मला या विषयाचे आकर्षण वाटले ते त्यातील सत्तेच्या प्रश्नामुळे. एखाद्याचे उपजीविकेचे साधन काढून घेण्याचा अधिकार कोणाला असावा? तो केव्हा वापरावा? आणि वापरणाऱ्यावर वचक कोणाचा? हे प्रश्न आपण वर्गात शासनसंस्थेच्या संदर्भात अभ्यासतो. मुष्टियुद्धाच्या रिंगणात ते रक्तामांसाचे होऊन समोर उभे राहतात.

नियमांचा जन्म

अठराव्या शतकात इंग्लंडमध्ये उघड्या मुठींनी लढती होत असत. जॅक ब्रॉटन हा त्या काळचा नामांकित मुष्टियोद्धा. त्याने १७४३ मध्ये पहिले लेखी नियम केले. खाली पडलेल्या माणसाला मारू नये, कमरेखाली धरू नये, पडलेल्याला पुन्हा उभे राहण्यास अर्ध्या मिनिटाची सवड द्यावी, असे ते साधे नियम होते. १८३८ मध्ये लंडनच्या नियमावलीने त्यांत भर घातली. डोक्याची धडक देणे, लाथ मारणे, चावणे, डोळ्यांत बोटे खुपसणे हे सर्व गैर ठरविण्यात आले. नियम करावे लागले याचाच अर्थ तोवर हे सारे चालत होते.

१८६७ मध्ये जॉन ग्रॅहॅम चेंबर्स याने तयार केलेले बारा नियम प्रसिद्ध झाले. क्वीन्सबेरीच्या मार्क्विसने त्यांना आपले नाव दिले आणि त्याच नावाने ते ओळखले जातात. तीन मिनिटांची फेरी, दोन फेऱ्यांमध्ये एक मिनिट विश्रांती, पडल्यावर उठण्यासाठी दहा सेकंद, कुस्तीचे डाव वर्ज्य आणि हातात मोजे, हा आजच्या मुष्टियुद्धाचा सांगाडा तेथून आला. १८८२ मध्ये इंग्लंडच्या न्यायालयाने कोनी खटल्यात उघड्या मुठींची पैशांची लढत बेकायदेशीर ठरविली. लढणाऱ्या दोघांची संमती होती ही सबब न्यायालयाने मान्य केली नाही. त्यामुळे कायद्याच्या चौकटीत यायचे तर मोजे आणि नियम यांना पर्याय उरला नाही.

येथे एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. आपल्या मातीतल्या कुस्तीत प्रतिस्पर्ध्याची पाठ मातीला लागली की निकाल लागतो. हरलेला पैलवान अंगाची माती झाडून उठतो आणि जिंकलेल्याच्या हातात हात देतो. मुष्टियुद्धात मात्र विजयाचे सर्वांत निर्विवाद रूप म्हणजे समोरच्याची शुद्ध हरपणे. ज्या खेळात इजा हीच गुणांची मोजपट्टी आहे, तेथे इजेला मर्यादा घालणारी व्यवस्था किती कडक असावी लागेल याची कल्पना यावरून येईल.

परवाना : ढाल आणि तलवार

रिंगणातील नियम पंच पाळून घेतो. पण रिंगणाबाहेरचे काय? लढत ठरविणारा आयोजक, योद्ध्याच्या मिळकतीत वाटा घेणारा व्यवस्थापक, पैजा लावणारे सटोडिये यांना शिट्टी वाजवून थांबविणारा कोणी नव्हता. १९२० मध्ये अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्याने वॉकर कायदा करून एक राज्य आयोग नेमला आणि योद्ध्यापासून पंचापर्यंत सर्वांना परवाना सक्तीचा केला. हा नमुना पुढे अमेरिकेच्या इतर राज्यांनी उचलला. ब्रिटनमध्ये हेच काम १९२९ मध्ये नव्याने उभारलेले ब्रिटिश मुष्टियुद्ध नियंत्रण मंडळ करते. मात्र ते सरकारी नाही.

परवाना ही वस्तू वरवर क्षुल्लक वाटते. माझे वडील बाजार समितीच्या आवारात हमाली करतात. त्यांच्या सदऱ्याला परवान्याचा बिल्ला असतो. बिल्ला आहे म्हणून आवारात त्यांना कोणी हटकत नाही. आणि उद्या तोच बिल्ला काढून घेतला तर परवा घरात चूल पेटण्याची पंचाईत होईल. परवाना ही एकाच वेळी ढालही असते आणि तलवारही असते. प्रश्न एवढाच, की ती कोणाच्या हातात आहे. मुष्टियोद्ध्याचेही तसेच आहे. अंगमेहनतीशिवाय दुसरे भांडवल नसलेल्या घरांतूनच बहुतेक मुष्टियोद्धे येतात. परवाना गेला की त्यांचे सर्वच जाते.

आयोगाचे काम लढतीच्या आधीच सुरू होते. योद्ध्यांची वैद्यकीय तपासणी होते, वजन घेतले जाते. लढतीच्या दिवशी कपडे बदलण्याच्या खोलीत आयोगाचा निरीक्षक हजर असतो. हातावर जाळीदार कापडाच्या आणि चिकटपट्टीच्या पट्ट्या गुंडाळताना प्रतिस्पर्ध्याचा माणूसही तेथे उभा राहून पाहू शकतो. निरीक्षक त्या पट्ट्यांवर सही करतो आणि मगच मोजे चढतात. रिंगणात पंच आधी ताकीद देतो, मग गुण कापतो आणि शेवटी लढतीतून बाद करतो. मार खाऊन कोसळलेल्या योद्ध्याला ठरावीक दिवस लढण्यास मनाई केली जाते. कागदावर ही व्यवस्था चोख आहे. ती कोठे कोठे तुटते ते आता पाहू.

एका मोज्याची गोष्ट

१६ जून १९८३ रोजी न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये बिली कॉलिन्स आणि लुईस रेस्टो यांची दहा फेऱ्यांची लढत झाली. कॉलिन्स तोवर एकही लढत हरला नव्हता. त्या दिवशी मात्र त्याचा चेहरा सुजून ओळखू येईना आणि पंचांनी रेस्टोला विजयी ठरविले. लढत संपल्यावर कॉलिन्सच्या वडिलांनी रेस्टोशी हस्तांदोलन केले. तेच आपल्या मुलाचे प्रशिक्षक होते. रेस्टोचा मोजा हाताला लागताच त्यांना तो पातळ वाटला आणि त्यांनी तेथेच आरडाओरडा केला. मोजे जप्त झाले. तपासणीत आढळले की आतील गादी काढून घेतलेली होती. म्हणजे कॉलिन्स दहा फेऱ्या जवळजवळ उघड्या मुठींचा मार खात होता.

आयोगाने निकाल रद्द केला. रेस्टो आणि त्याचा प्रशिक्षक पनामा लुईस यांचे परवाने गेले. १९८६ मध्ये दोघेही फौजदारी खटल्यात दोषी ठरले व तुरुंगात गेले. पुढे अनेक वर्षांनी रेस्टोने कबूल केले की हाताच्या पट्ट्याही प्लास्टरने कडक केलेल्या होत्या. शिक्षा झाली हे खरे. पण कॉलिन्सच्या डोळ्याला झालेली इजा भरून आली नाही. तो पुन्हा कधीही लढला नाही आणि मार्च १९८४ मध्ये मोटार अपघातात अवघ्या बाविसाव्या वर्षी गेला.

याच्या जोडीला दुसरी घटना ठेवून पाहावी. जानेवारी २००९ मध्ये लॉस एंजेलिस येथे शेन मोस्ली आणि अँटोनियो मार्गारिटो यांची लढत होती. मार्गारिटोच्या पट्ट्या गुंडाळल्या जात असताना मोस्लीच्या प्रशिक्षकाला त्यात काही कडक वस्तू असल्याचा संशय आला. त्याने हरकत घेतली. पट्ट्या सोडून पाहिल्या तेव्हा आत प्लास्टरसारखा पदार्थ सापडला. नव्या पट्ट्या बांधून लढत झाली आणि ती मोस्लीने जिंकली. कॅलिफोर्नियाच्या आयोगाने मार्गारिटो व त्याच्या प्रशिक्षकाचे परवाने रद्द केले.

दोन्ही घटनांत लबाडीची जात एकच. एकीत ती लढतीनंतर उघड झाली, दुसरीत लढतीआधी. एकीत शिक्षा जबर झाली आणि माणूस उद्ध्वस्त झाला. दुसरीत शिक्षा त्या मानाने सौम्य झाली आणि माणूस वाचला. यावरून शिस्तीची किंमत शिक्षेच्या कडकपणावर मोजू नये, असे मला वाटते. खोलीत उभा असलेला एक जागरूक निरीक्षक नंतरच्या दहा खटल्यांपेक्षा अधिक काम करतो.

मृत्यूनंतर आलेले शहाणपण

दुर्दैवाने या खेळातील बरेच नियम कोणाचा तरी बळी गेल्यावर आले आहेत. २४ मार्च १९६२ रोजी एमिल ग्रिफिथविरुद्धच्या लढतीत बाराव्या फेरीत बेनी पॅरेट कोपऱ्यात दोऱ्यांना टेकून अडकला आणि पंचाने थांबविण्यापूर्वी त्याच्यावर ठोशांचा वर्षाव झाला. तो शुद्धीवर आलाच नाही. ३ एप्रिलला तो मरण पावला. ही लढत दूरचित्रवाणीवर लोक घरात बसून पाहत होते. पॅरेट अवघ्या साडेतीन महिन्यांपूर्वी डिसेंबर १९६१ मध्ये दुसऱ्या एका लढतीत मार खाऊन कोसळला होता. त्याला एवढ्या लवकर पुन्हा रिंगणात येऊ देणे योग्य होते का, हा प्रश्न पंचाच्या हातून झालेल्या विलंबाइतकाच महत्त्वाचा आहे.

१३ नोव्हेंबर १९८२ रोजी लास व्हेगास येथे दक्षिण कोरियाचा किम डुक-कू हा रे मॅन्सिनीविरुद्ध चौदाव्या फेरीत कोसळला आणि काही दिवसांतच मरण पावला. तोवर जगज्जेतेपदाची लढत पंधरा फेऱ्यांची असे. या मृत्यूनंतर जागतिक मुष्टियुद्ध परिषदेने १९८३ पासून ती बारा फेऱ्यांवर आणली आणि इतर संघटनांनीही पुढील काही वर्षांत तोच मार्ग धरला. आज बाराव्या फेरीची घंटा होते तेव्हा त्यामागे एका कोरियन तरुणाचा मृत्यू आहे, हे किती प्रेक्षकांना ठाऊक असेल?

तिसरे उदाहरण ब्रिटनचे आहे. २१ सप्टेंबर १९९१ रोजी लंडन येथे ख्रिस युबँकशी लढताना मायकेल वॉटसनच्या मेंदूत रक्तस्राव झाला. रिंगणाजवळ तातडीच्या उपचारांची पुरेशी सोय नव्हती आणि योग्य रुग्णालयात पोहोचेपर्यंत मोलाचा वेळ गेला. वॉटसन जगला, पण कायमचा अपंग झाला. त्याने नियंत्रण मंडळावरच दावा लावला. वैद्यकीय सोयींचे नियम मंडळच ठरविते आणि योद्धा त्यांवर विसंबून रिंगणात उतरतो. तेव्हा त्याची काळजी घेण्याचे कर्तव्य मंडळावर येते, असा निर्णय १९९९ मध्ये झाला व डिसेंबर २००० मध्ये अपील न्यायालयाने तो कायम केला. तडजोडीअंती मंडळाला चार लाख पौंड द्यावे लागले. या निर्णयाचे महत्त्व फार मोठे आहे. शिस्त लावणाराही शिस्तीखाली येतो, हे तत्त्व त्याने प्रस्थापित केले.

एकाच माणसाच्या बाबतीत दोन चुका

नियमनाचा सर्वांत बोधप्रद धडा मला मुहम्मद अलीच्या चरित्रात सापडतो. २८ एप्रिल १९६७ रोजी अलीने व्हिएतनाम युद्धासाठी सैन्यात भरती होण्यास नकार दिला. त्याच दिवशी न्यूयॉर्कच्या आयोगाने त्याचा परवाना निलंबित केला. त्या वेळी त्याच्यावर खटलाही चाललेला नव्हता. इतर राज्यांनीही दारे बंद केली आणि वयाच्या पंचविसाव्या वर्षापासून साडेतीन वर्षे, म्हणजे ऐन उमेदीच्या काळात, तो रिंगणाबाहेर राहिला. १९७० मध्ये तो अटलांटा येथे पुन्हा लढू शकला, कारण जॉर्जिया राज्यात असा राज्य आयोगच नव्हता!

अलीने न्यूयॉर्कच्या आयोगाला न्यायालयात खेचले. तेथे आयोगाची दप्तरे उघडली गेली. गुन्ह्यांत दोषी ठरलेल्या व्यक्तींना आयोगाने परवाने दिल्याची किमान २४४ प्रकरणे त्यांत निघाली. दरोडा, बलात्कार, इतकेच काय सैन्यातून पळून जाणे, असे गुन्हे केलेल्यांना परवाना मिळत होता आणि अलीला मात्र नाही. न्यायाधीशांनी ही वागणूक मनमानी ठरविली आणि अमेरिकन घटनेच्या चौदाव्या दुरुस्तीतील कायद्याच्या समान संरक्षणाच्या तत्त्वाचा आधार घेऊन अलीच्या बाजूने निर्णय दिला. आपल्या राज्यघटनेतील समानतेचा अनुच्छेदही चौदावाच आहे आणि त्यातही समान संरक्षणाचे तेच तत्त्व आहे. पाठ केलेले कलम असे जिवंत होऊन भेटले की अभ्यासाचा आनंद वेगळाच असतो. पुढे जून १९७१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अलीची शिक्षाही रद्द केली.

आता दुसरी बाजू पाहा. १९८० साली अली अडतीस वर्षांचा होता. त्याचे बोलणे जड झाले होते. नेवाडा राज्याच्या आयोगापुढे मेयो रुग्णालयाचा तपासणी अहवाल आला. बोलण्यात आणि शरीराच्या समन्वयात थोडा दोष असल्याची नोंद त्यात होती. तरीही परवाना मिळाला. २ ऑक्टोबर १९८० रोजी लॅरी होम्सविरुद्ध अलीने दहा फेऱ्या मार खाल्ला आणि अखेर त्याच्याच कोपऱ्यातून लढत थांबविण्यात आली. १९८४ मध्ये त्याच्या आजाराचे निदान कंपवाताशी जोडलेले असल्याचे जाहीर झाले. त्या एका लढतीमुळे आजार झाला असे मी म्हणत नाही. पण ती लढत व्हायला नको होती, एवढे खात्रीने म्हणता येईल.

१९६७ मध्ये ज्याचे शरीर धडधाकट होते त्याला मतासाठी अडविले आणि १९८० मध्ये ज्याचे शरीर थकले होते त्याला पैशासाठी जाऊ दिले. परवाना देण्याची व नाकारण्याची सत्ता दोन्ही वेळी होती. पण ती ज्या हेतूने निर्माण झाली, म्हणजे योद्ध्याचे रक्षण, तो हेतू दोन्ही वेळी बाजूला राहिला.

राज्य बदलले की न्याय बदलतो

पैशाचा उल्लेख आला म्हणून माईक टायसनचे प्रकरणही पाहिले पाहिजे. २८ जून १९९७ रोजी त्याने इव्हँडर होलीफिल्डच्या कानाचा चावा घेतला. म्हणजे १८३८ च्या नियमावलीत जे गैर ठरले होते ते दीडशेहून अधिक वर्षांनी कोट्यवधी लोकांसमोर घडले. पंच मिल्स लेन यांनी आधी गुण कापले आणि पुन्हा चावा घेतल्यावर त्याला बाद ठरविले. नेवाडाच्या आयोगाने परवाना रद्द करून तीस लाख डॉलर दंड केला. रक्कम ऐकून डोळे विस्फारतात. पण टायसनला त्या लढतीचे तीन कोटी डॉलर मिळायचे होते, म्हणजे दंड मिळकतीच्या दहाव्या हिश्शाइतका होता. ऑक्टोबर १९९८ मध्ये, सुमारे पंधरा महिन्यांत, परवाना परत मिळाला. ज्या शहराचा धंदाच अशा लढतींवर वाढतो, तेथील आयोगाला गर्दी खेचणाऱ्या माणसाला कायमचे दूर ठेवणे किती जड जात असेल, हे समजण्यासारखे आहे.

मार्गारिटोचे पुढे काय झाले तेही उद्‌बोधक आहे. ऑगस्ट २०१० मध्ये कॅलिफोर्नियाने त्याला पुन्हा परवाना देण्यास नकार दिला. त्याच महिन्यात टेक्सास राज्याने तो दिला आणि नोव्हेंबरमध्ये तेथे मॅनी पॅकियाओशी त्याची मोठी लढत झाली. आमच्या गावाकडे म्हणतात, एका दाराने हाकलले तर दुसऱ्या दाराने आत. अमेरिकेत सर्व राज्यांवर चालणारा एक राष्ट्रीय आयोग नाही. १९९६ च्या कायद्याने प्रत्येक लढतीला डॉक्टर व रुग्णवाहिकेची सोय, योद्ध्याला ओळखपत्र आणि एका राज्याने आजारपणासाठी वा इजेसाठी केलेले निलंबन दुसऱ्या राज्याने मानणे, या गोष्टी सक्तीच्या केल्या. २००० साली मुहम्मद अलीच्याच नावाचा कायदा झाला. जाचक करारांपासून योद्ध्याचे रक्षण करणे आणि आयोजक व व्यवस्थापक यांचे हितसंबंध वेगळे ठेवणे हा त्याचा उद्देश. मात्र जगज्जेतेपदे वाटणाऱ्या चार प्रमुख संघटना आजही खासगीच आहेत, आणि एकाच वजनी गटात चार जगज्जेते असू शकतात.

बंदी की नियमन?

इतके सारे वाचल्यावर मनात येते, की हा खेळ बंदच का करू नये? स्वीडनने १९७० पासून व्यावसायिक मुष्टियुद्धावर बंदी घातली होती. २००६ मध्ये कडक अटींवर ती सैल केली. नॉर्वेनेही बंदी घातली आणि २०१४ मध्ये उठविली. बंदी घालणाऱ्यांचा हेतू उदात्त होता यात शंका नाही. परंतु बंदीमुळे लढणाऱ्याची गरज संपत नाही. तो दुसऱ्या देशात जाऊन लढतो. कायद्याच्या नजरेआड गेलेला श्रमिक अधिक असुरक्षित असतो, हा अनुभव इतर अनेक व्यवसायांतही येतो. म्हणून माझे मत बंदीपेक्षा खऱ्या नियमनाच्या बाजूने आहे. आपल्याकडेही हा प्रश्न अगदी परका राहिलेला नाही. २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळविणारा विजेंदर सिंग २०१५ मध्ये व्यावसायिक झाला आणि जुलै २०१६ मध्ये दिल्लीत त्याची किताबाची लढत झाली. त्याच्या मागोमाग जी गरीब घरची मुले या वाटेने जातील त्यांच्यासाठी नियम आधी तयार असावेत. कोणाच्या तरी मृत्यूची वाट पाहू नये.

या अभ्यासातून माझ्या हाती तीन गोष्टी लागल्या. शिस्त घटनेनंतरच्या दंडापेक्षा घटनेआधीच्या तपासणीत असावी. तिचा भार ठोसे खाणाऱ्यावर जेवढा पडतो तेवढाच, किंबहुना अधिक, ठोशांवर पैसे मिळविणाऱ्यांवर पडावा. आणि शिस्त लावणाऱ्याने आपल्या प्रत्येक निर्णयाचे कारण लेखी द्यावे, म्हणजे ते मनमानी असेल तर न्यायालयात तपासता येईल. पंच दोन योद्ध्यांच्या मध्ये उभा राहून हात आडवा घालतो, तेव्हा तो खेळ मोडत नसतो. जो खाली पडला आहे त्याला उठण्यासाठी दहा सेकंद मिळवून देत असतो. दुबळ्याला उभे राहण्यापुरती सवड मिळवून देणे, हेच कोणत्याही नियमनाचे पहिले काम होय.